सोसायटीच्या बागेत ट्रोजन युद्ध : बारा पाट्यांच्या नोंदी

८ जून २०२५, रविवार

सोसायटीच्या मागच्या भिंतीलगत जिथे आधी गंजलेल्या सायकली आणि कुणाचं तरी बंद पडलेलं वॉशिंग मशीन असायचं तिथे आता फुलपाखरांची बाग झालीये. बाग म्हणजे काय, पंधरा-वीस फुटांचा पट्टा, त्यात दोन कढीपत्ते, एक लिंबू, आपोआप उगवलेली रुई, घाणेरी, कुंपणाला ते उंच सरळसोट अशोक आणि एका कोपऱ्यात माळीकाकांनी कुठूनतरी आणून लावलेला ईश्वरीचा वेल. पाट्यांचं काम मीटिंगमधे माझ्या गळ्यात पडलं कारण मी गप्प बसले होते. बारा पाट्या, एसीपी म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची शीट, १२ बाय ८ इंच, प्रत्येकीवर फोटो, मराठी नाव, इंग्रजी नाव, शास्त्रीय नाव आणि अळी काय खाते ते. म्हटलं एका रविवारचं काम आहे.

यादी टाइप करायला घेतली आणि शास्त्रीय नावांच्या रकान्यात हात थांबला. हेक्टर. अगामेम्नॉन. पॉलिटेस. हेलेनस. लीडा. अरे हे सगळे ट्रॉयवाले कल्याणमधे काय करतायत? ग्रीकांनी लाकडी घोड्यात लपून ट्रॉय शहर जिंकलं ती शाळेत वाचलेली गोष्ट आठवत होती तेवढीच, त्यामुळे रात्री दीडपर्यंत तेच वाचत बसले. ठरवलं की प्रत्येक पाटीवर एक ओळ जास्तीची घ्यायची, 'हे नाव कुणाचं'. सेक्रेटरी काकांना अजून सांगितलेलं नाही.

१२ जून

कारण सापडलं, आणि ते एकाच माणसापाशी जातं, स्वीडनचा कार्ल लिनियस. त्याच्या सिस्टेमा नॅचुरी या पुस्तकाच्या १७५८ च्या दहाव्या आवृत्तीपासून प्राण्यांची दोन शब्दी नावं अधिकृत धरतात. त्याच्यापुढे जगभरातून आलेली शेकडो फुलपाखरं टाचण्या मारून पडलेली, प्रत्येकाला वेगळं नाव हवं, आणि 'काळं, मागच्या पंखावर पांढरे ठिपके' असलं वर्णन नाव म्हणून किती वेळा वापरणार? मग त्याने सरळ ग्रीक पुराणांची हजेरी काढली आणि नावं वाटत सुटला. आपल्याकडे कुणी पांडव, कौरव आणि दोन्हीकडचे सेनापती घेऊन बसला असता तर शंभर नावांची तरी सोय एका झटक्यात झाली असती, तसंच.

पण त्याने आंधळेपणाने वाटली नाहीत हे मला आवडलं. मोठ्या फुलपाखरांना त्याने शिलेदार म्हटलं आणि त्यांचे दोन तट पाडले. साधारण काळे आणि छातीशी रक्तासारखे लाल डाग असलेले ते ट्रॉयचे, ज्यांच्या छातीवर रक्त नाही ते ग्रीक, म्हणजे ग्रीक महाकवी होमर ज्यांना अकियन म्हणतो ते. युद्ध कोण हरलं ते छातीवर लिहिलेलं.

लगेच खाली जाऊन तपासलं (पाऊस थांबला होता). क्रिमसन रोझ, शास्त्रीय नाव हेक्टर, काळेभोर पंख, मागच्या पंखांवर लाल ठिपके आणि अंग तर पूर्ण लालभडक, म्हणजे ट्रॉयचा सगळ्यात मोठा वीर रक्ताने माखूनच उडतोय. टेल्ड जे, म्हणजे अगामेम्नॉन, ग्रीकांचा सरसेनापती, काळ्यावर हिरवे ठिपके, छाती स्वच्छ. हा अगामेम्नॉन अंडी घालतो कुंपणाच्या अशोकावर. ग्रीक सेनापती अशोकवनात! भाच्याला फोन करून सांगितलं तर म्हणाला, "मावशी, तो खोटा अशोक असतो, सीतेचा वेगळा." नववीतली मुलं हल्ली फार माहितगार असतात. बरोबर आहे त्याचं, आसुपालव म्हणतात तो हा, सीतेचा अशोक म्हणजे सीता अशोक, केशरी फुलांचा.

२१ जून

आज पूर्ण दिवस एकाच पाटीवर गेला आणि मला त्याचं काही वाटत नाहीये.

बहुरूपी, म्हणजे कॉमन मॉरमॉन, शास्त्रीय नाव पॅपिलिओ पॉलिटेस. आमच्या कढीपत्त्यावर पक्ष्यांच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या ज्या अळ्या असतात त्या याच्या किंवा लिंबावरच्या फुलपाखराच्या, लहानपणी दोन्ही सारख्याच दिसतात. याचा नर एकाच रूपाचा, काळा, पंखावर पांढऱ्या ठिपक्यांची रांग. मादी मात्र तीन रूपांत येते. एक नरासारखी, दुसरी कॉमन रोझ नावाच्या फुलपाखरासारखी, आणि तिसरी हुबेहूब क्रिमसन रोझसारखी, म्हणजे हेक्टरसारखी. कारण साधं आहे, हेक्टरची अळी ईश्वरीच्या वेलावर वाढते, वेलातलं विष अंगात साठवते, पक्षी एकदा चाखून बघतात आणि पुन्हा वाटेला जात नाहीत. पॉलिटेस कढीपत्ता खाऊन वाढलेला, त्याच्यात विषबिष काही नाही, मग मादीने विषारी माणसाचा वेश घेतला की तीही वाचते.

आता गोष्ट बघा. पॉलिटेस हा ट्रॉयच्या प्रायम राजाचा मुलगा, हेक्टरचा धाकटा भाऊ. पायाने चपळ म्हणून त्याला टेहळणीला बसवलेलं असायचं. इलियड या होमरच्या महाकाव्याच्या दुसऱ्या भागात देवांची दूत आयरिस ट्रॉयला निरोप द्यायला येते तेव्हा ती पॉलिटेसचा आवाज घेऊन बोलते आणि तिचं बोलणं रोखलेलं असतं हेक्टरवर. म्हणजे होमरकडे पॉलिटेसचं सोंग दुसऱ्याने घेतलं, आणि आमच्या कढीपत्त्यावर पॉलिटेस हेक्टरचं सोंग घेतो. लिनियसला या नकलेबद्दल काहीही माहीत असणं शक्य नव्हतं, त्याच्यापुढे होते ते मेलेले, वाळलेले नमुने, आणि अशी नक्कल असते हे जगाला कळायला पुढे शंभरेक वर्षं गेली. निव्वळ योगायोग. पण असला योगायोग पाटीवर नाही घ्यायचा तर मग काय घ्यायचं?

अजून एक गंमत. लिनियसला नर आणि मादी एकाच जातीचे आहेत हे कळलंच नाही. मादी दिसली वेगळी, तिचं नाव ठेवलं पॉलिटेस. नर वेगळा, त्याचं नाव पॅमॉन. दोघंही प्रायमचेच मुलगे! इलियडच्या शेवटच्या, चोविसाव्या भागात हेक्टर मेल्यावर म्हातारा प्रायम उरलेल्या नऊ मुलांवर ओरडतो, तुम्ही खोटारडे, नाचण्यापुरते शूर, हेक्टरच्या ऐवजी तुम्हीच मेला असतात तर बरं झालं असतं असं म्हणतो, त्या नवांच्या यादीत हेलेनस, पॅरिस, पॅमॉन, पॉलिटेस, डेइफोबस एवढे आहेत आणि हे पाचही लिनियसच्या ट्रोजन फुलपाखरांत आहेत. मला तर डोळ्यांपुढे दिसतंच की हा माणूस समोर पुस्तक उघडं ठेवून बापाच्या शिव्यांमधून नावं उचलतोय. पुढे कळलं की पॅमॉन आणि पॉलिटेस हे नवरा-बायको आहेत, मग नियमाप्रमाणे एकच नाव उरलं, पॉलिटेस. पॅमॉन बिचारा कागदावरूनही गेला.

पाटीवर यातलं तीस शब्दांत बसवायचंय. जमत नाहीये.

२२ जून

पाऊस. काही केलं नाही. फक्त लिंबाच्या फुलपाखराची पाटी झाली, डेमोलेयस, हा एक ग्रीक शिपाई, रोमन कवी व्हर्जिलच्या महाकाव्यात त्याचं चिलखत तेवढं येतं. ते इतकं जड की दोन नोकरांना उचलवत नव्हतं आणि हा पठ्ठ्या ते अंगात घालून ट्रोजनांच्या मागे पळायचा. आमच्या लिंबावर सध्या त्याच्या सात अळ्या आहेत.

२९ जून

आज अडचणीची पाटी. नीलवंत, ब्लू मॉरमॉन, २०१५ पासून महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू, राणी पाकोळीही म्हणतात. काळ्या मखमलीवर निळा रंग सांडलेला, हाताच्या पंज्याएवढं, पावसात एकदा तरी बागेतून जातंच. सेक्रेटरी काकांची इच्छा की ही पाटी सगळ्यात पुढे, गेटमधून दिसेल अशी.

शास्त्रीय नाव पॅपिलिओ पॉलिम्नेस्टर. हे नाव लिनियसचं नाही, हॉलंडच्या पीटर क्रॅमरने १७७५ मधे दिलं, तीच परंपरा पुढे चालवत. पॉलिम्नेस्टर कोण, तर थ्रेसचा राजा. ट्रॉय पडणार असं दिसायला लागल्यावर प्रायमने आपला धाकटा मुलगा पॉलिडोरस आणि त्याच्याबरोबर पुष्कळ सोनं या मित्राकडे ठेवायला पाठवलं. ट्रॉय पडलं तसं याने सोन्यासाठी पोराला मारलं आणि प्रेत समुद्रात टाकलं. पोराची आई हेक्युबा तोपर्यंत गुलाम झालेली, तिला ते प्रेत किनाऱ्यावर मिळालं. तिने याला गोड बोलून तंबूत बोलावलं, बायकांनी मिळून त्याच्या दोन मुलांना मारलं आणि त्याचे डोळे फोडले. युरिपिडीसचं अख्खं नाटक आहे यावर. म्हणजे आपल्या राज्याची शान म्हणून जे फुलपाखरू आपण निवडलं त्याचं नाव ग्रीक नाटकांतल्या सगळ्यात नीच यजमानाचं. आणि ज्याला मारलं तो पॉलिडोरसही फुलपाखरूच आहे, पण न्यू गिनी-ऑस्ट्रेलियाकडचं, त्यामुळे निदान समोरासमोर येत नाहीत.

काकांना मजकूर वाचून दाखवला. बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "लहान मुलं येतात गं तिथे." मुद्दा बरोबर आहे. शेवटी ठरलं ते असं: 'पॉलिम्नेस्टर : थ्रेसचा एक राजा, ट्रोजन युद्धाच्या कथांमधला.' बस. एवढं सपाट वाक्य आयुष्यात लिहिलं नव्हतं. ज्याला खाज असेल तो शोधेल.

६ जुलै, आषाढी

भाचा आलाय राहायला. साबुदाणा खाता खाता म्हणाला, पॉलिटेसचा अर्थ काय? बघितलं तर साधा 'नागरिक', शहराला ग्रीकमधे पोलिस म्हणतात त्यातून आलेला. आपल्या पोलिसांचं नावही फिरून फिरून तिथूनच आलंय हे कळल्यावर तो जे हसायला लागला ते थांबेना.

मग आम्ही नकाशा उघडला आणि दिवस संपला. नेपल्स म्हणजे नेआपोलिस, नवं शहर. अडीच हजार वर्षं झाली, अजून नवंच, आपली नवी मुंबई पण तशीच राहणार. पॅलेस्टाइनमधलं नाब्लुस हे तेच नाव, अरबीत प नाही म्हणून पोलिसचं ब्लुस झालं. त्रिपोली म्हणजे तीन शहरं, तीही दोन, एक लिबियात आणि एक लेबनॉनमधे. फ्रान्समधलं नीस म्हणजे निकाया, विजयाच्या देवीवरून, मार्सेचे ग्रीक वसाहतवाले तिथे गेले होते. गॅलिपोली, जिथे १९१५ मधे आपलेही सैनिक लढले, ते कॅलिपोलिस, सुंदर शहर, आणि तो द्वीपकल्प म्हणजेच पॉलिम्नेस्टरचं राज्य होतं हे मला आत्ता कळलं. इस्तंबूल तर सगळ्यात भारी, 'शहराकडे' अशा अर्थाचे ग्रीक शब्द बोलता बोलता घासून झालेलं नाव. कुठे चाललास, शहरात, झालं.

काही नावं मात्र चुकीच्या पत्त्यावर जाऊन पडलीत. ओडेसाला हे नाव १७९५ च्या सुमारास ओडेसॉस नावाच्या प्राचीन ग्रीक वसाहतीवरून दिलं, पण ती मूळ वसाहत होती आजच्या बल्गेरियात, वार्नाच्या जागी. आणि काही नावं ग्रीकांनी ठेवलीच नाहीत, नुसते त्यांचे सुटे भाग वापरले. नेसॉस म्हणजे बेट, त्यावरून १७५६ मधे पॉलिनेशिया, पुष्कळ बेटं, आणि १८५० मधे इंडोनेशिया, ज्यातला 'इंडो' म्हणजे आपली सिंधू. सिंधूचं इराणी तोंडात हिंदू झालं, ग्रीकांच्या तोंडात त्यातला ह गळला आणि इंडोस उरलं. आर्क्टिक हे अस्वलावरून, आर्क्टॉस, पण बर्फातलं अस्वल नाही, आकाशातलं, उत्तरेचे ते सात तारे ज्यांना आपण सप्तर्षी म्हणतो. शतपथ ब्राह्मणात लिहिलंय की सप्तर्षींना पूर्वी ऋक्ष म्हणत, आणि ऋक्ष म्हणजे अस्वलच, आर्क्टॉसचाच सख्खा भाऊ असलेला शब्द. भाचा म्हणाला मग अंटार्क्टिका म्हणजे अस्वलाच्या विरुद्ध. हो. आणि खरंच तिथे अस्वलं नाहीतच की.

उलट दिशेचाही प्रवास सापडला. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने लाल समुद्रापासून आपल्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवलीये, पेरिप्लस म्हणतात त्याला, त्यात भडोच आहे बॅरिगाझा, सोपारा आहे सूप्पारा, पैठण पैथाना, तेर तगारा, चौल सेमिला, आणि आमचं कल्याण, कॅलिएना! त्याची तक्रार अशी की पूर्वी इथे रीतसर व्यापार चालायचा, आता सत्ता बदलल्यावर अडवणूक होते आणि चुकून इथे आलेली ग्रीक जहाजं पहारा लावून भडोचला नेतात. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीही कल्याणला उतरायची मारामारीच होती. याच किनाऱ्यावर पुढे दक्षिणेला त्याने एका बंदराचं नाव दिलंय बायझँटियॉन. कोकणात बायझँटियम, म्हणजे इस्तंबूलचं जुनं नाव! स्थानिक नाव कानाला काहीतरी तसं लागलं असेल आणि खलाशाने घरचं ओळखीचं नाव चिकटवलं असेल असा माझा अंदाज. कल्याणचं कॅलिएना करताना पण त्यांना त्यांचा 'कॅलो', म्हणजे सुंदर, ऐकू आला असेल का? स्टेशनच्या पश्चिमेला उभं राहून असं कुणाला वाटणं अवघड आहे, पण तेव्हा खाडी स्वच्छ होती.

१३ जुलै

पाट्या अकरा आणि बारा, दोन खंड्ये. नाल्याच्या तारेवर रोज बसतो तो पांढऱ्या गळ्याचा, हॅल्सिऑन स्मिर्नेन्सिस. दुसरा तिबोटी खंड्या, तो आमच्या बागेतला नाही, पण ग्रुपमधल्या एकाने कर्नाळ्याला काढलेला फोटो इतका सुंदर आहे की समितीने हट्टच धरला. शास्त्रीय नाव सेक्स, उच्चारावर मीटिंगमधे हशा पिकला, म्हणून मी पाटीवर मूळ ग्रीकच्या जवळ जाणारं 'केयिक्स' लिहितेय. कुणी शुद्धलेखनवाला आलाच तर बघू.

हॅल्सिऑन आणि केयिक्स हे नवरा-बायको आहेत. अल्किओनी, जिच्यावरून हॅल्सिऑन, ही वाऱ्यांच्या मालकाची, एओलसची मुलगी, केयिक्स तिचा नवरा. तो समुद्रावर निघाला, तिने नको नको म्हटलं, वादळात जहाज बुडालं. रोमन कवी ओव्हिडने लिहिलंय की रोज त्याच्यासाठी प्रार्थना करणाऱ्या तिला स्वप्नात नवऱ्याचं भिजलेलं रूप दिसलं, सकाळी ती किनाऱ्यावर गेली तर लाटांवर त्याचं प्रेत, तिने उडी टाकली आणि पडता पडता तिला पंख फुटले, मग देवांनी दोघांनाही पक्षी केलं. ती अंडी घालते तेव्हा बाप वारे कोंडून ठेवतो म्हणे, हिवाळ्यातल्या सगळ्यात छोट्या दिवसाच्या आधी सात आणि नंतर सात असे चौदा दिवस समुद्र शांत. आपला केयिक्स मात्र नेमका भर पावसात, जून-जुलैमधे, वीण करायला इथे येतो. ज्या वादळात बुडाला तेच धरून परत येतो म्हणा.

स्मिर्नेन्सिस म्हणजे स्मिर्नाचा. अठराव्या शतकात इंग्लंडमधे या पक्ष्याचं चित्र छापलं गेलं ते तुर्कस्तानातल्या स्मिर्नाहून आलेल्या नमुन्यावरून, लिनियसने तेच धरलं. स्मिर्ना म्हणजे आजचं इझ्मिर, नीट कान देऊन ऐकलं तर जुनं नाव आत आहे. आमच्या नाल्यावरच्या खंड्याच्या नावात एक ग्रीक बाई आणि एक ग्रीक गाव, आणि तो खातो नाल्यातले खेकडे.

२७ जुलै

सगळी डिझाइन प्रिंटिंगला दिली. बारा पाट्या, शनिवारी मिळतील म्हणाला. हुश्श.

येताना रिक्षातून उल्हास नदीवरची जलपर्णी दिसली, हिरवा गालिचा नुसता, वर जांभळी फुलं. इंग्रजीत वॉटर हायसिंथ. हायसिंथ म्हणजे हायाकिंथॉस, स्पार्टाचा देखणा मुलगा, अपोलो देवाने फेकलेली थाळी लागून मेला आणि त्याच्या रक्तातून फूल उगवलं. हे ठीक, पण मला त्या शब्दातल्या शेवटच्या 'न्थ'ने झोपू दिलं नाही. कॉरिंथ, झाकिंथॉस, लॅबिरिंथ म्हणजे भूलभुलैया, सगळ्यांत तोच न्थ. भाषावाले म्हणतात की हे शब्द ग्रीक नाहीतच, ग्रीक भाषा बोलणारे तिथे यायच्या आधी जे लोक राहत होते त्यांचे आहेत. त्यांची भाषा गेली, ते कोण होते ते नीट कुणाला सांगता येत नाही, पण गावांची आणि फुलांची नावं नव्याने आलेल्यांनी तशीच ठेवून घेतली. मी दीड महिना 'ग्रीक नावं, ग्रीक नावं' करतेय आणि त्यातली काही त्यांनाच वारशात मिळालेली! इथे आपल्या गावांच्या नावांतही असे किती थर असतील.

९ ऑगस्ट

राखीला बहीण आणि भाचा आले. पाट्या आलेल्या, मी कौतुकाने दिवाणावर मांडल्या. भाचा एकेक वाचतोय. सातव्या पाटीवर थांबला.

"मावशी, हेलन तर बाई होती ना? मग हेलेनस कसं? शेवटी 'अस' पुरुषांना लागतं म्हणालीस तूच."

पोटात गोळा. रेड हेलन, आंबोलीच्या सहलीतला फोटो, पॅपिलिओ हेलेनस, आणि मी पाटीवर ठोकून दिलेलं, 'जिच्यासाठी ट्रोजन युद्ध झालं त्या सुंदर हेलनवरून'. इंग्रजी नावात हेलन आहे म्हणून मी तपासलंच नाही. तेही पॅमॉन-पॉलिटेसच्या यादीत हेलेनसचं नाव स्वतः लिहिल्यानंतर! प्रायमचा मुलगा तो. इंग्रजी नाव ठेवणाऱ्याने बाई केली आणि मी तशीच पुढे ढकलली. खरी हेलन, हेलेना, वेगळ्याच एका मोठ्या पिवळ्या-काळ्या फुलपाखराला आहे, आणि तीही ग्रीकांच्या तटात.

पाटी नव्याने करायचे ६५० रुपये, माझ्या खिशातून, काकांना सांगणार नाही.

१७ ऑगस्ट

चूक झाली ते बरं झालं असं म्हणायची मला सवय नाही, पण हेलेनस नीट वाचायला घेतला आणि तोच आता माझा सगळ्यात आवडता झालाय.

हा प्रायमच्या मुलीचा, कॅसांड्राचा जुळा भाऊ, दोघंही भविष्य सांगणारे, तिच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही, याच्यावर ठेवायचे. प्रायमच्या मुलांमधे युद्धातून वाचलेला जवळजवळ हा एकटाच. गुलाम म्हणून ग्रीसला गेला आणि फिरत फिरत शेवटी आजच्या अल्बानियाच्या किनाऱ्यावर राजा झाला, बायको कोण तर हेक्टरची विधवा अँड्रोमाकी. ते गाव ब्युथ्रोटम, आज ब्युट्रिंट, तिथले अवशेष जागतिक वारशात आहेत. व्हर्जिलने लिहिलंय की ट्रॉयहून पळालेला एनियस तिथे पोचतो तर समोर एक छोटं ट्रॉय, तसाच किल्ला पण बारका, आणि एक सुकलेला ओढा, त्याला नाव दिलंय झँथस. झँथस ही ट्रॉयची मोठी नदी. माणसं उठून दुसरीकडे गेली, नदी नेता येत नाही, मग तिचं नाव तेवढं नेलं आणि जो ओढा मिळाला त्याला लावलं. आपल्याकडे धरणात गेलेली गावं जुनं नाव घेऊन दुसऱ्या तालुक्यात उभी राहतात, तिथल्या पाटीवर नाव वाचताना नव्या माणसाला काही वाटत नाही, जुन्यांना वाटतं.

नवी पाटी : 'हेलेनस, ट्रॉयचा राजपुत्र. युद्धानंतर परक्या देशात त्याने छोटं ट्रॉय वसवलं आणि ओढ्याला गावच्या नदीचं नाव दिलं.' फोटो थोडा लहान करावा लागला.

बाकीच्या पाट्याही परत एकदा भराभर तपासल्या. प्लेन टायगर, क्रिसिपस, रुईवर वाढतो. रुईचं शास्त्रीय नाव कॅलोट्रोपिस, सुंदर नौकेचा तळ, परत तो कॅलो. क्रिसिपस हा इजिप्टसच्या पन्नास मुलांपैकी, त्यांची लग्नं डॅनौसच्या पन्नास मुलींशी झाली आणि पहिल्याच रात्री एकोणपन्नास मुलींनी नवरे मारले. लिनियसने लिहूनच ठेवलंय की या गटात पांढऱ्या फुलपाखरांना मुलींची नावं दिली आणि रंगीतांना मुलांची. आमची ग्रेट ऑरेंज टिप, ग्लॉसिपी, पांढरी, केशरी टोकांची, त्या मुलींपैकी एक. दोन पाट्या शेजारी लावायच्या नाहीत.

काकांना अजून सदर्न बर्डविंग हवं होतं, 'सगळ्यात मोठं' म्हणून. आमच्याकडे ते येत नाही आणि भारतातलं सगळ्यात मोठंही राहिलं नाही, २०२० मधे उत्तराखंडच्या गोल्डन बर्डविंग मादीने १९४ मिलिमीटर भरून त्याचा १९० चा जुना विक्रम मोडला. सदर्नचं नाव मिनॉस, गोल्डनचं एआकस, दोघंही ग्रीक पाताळातले न्यायाधीश. तिसरा न्यायाधीश ऱ्हाडामँथस, तोही त्याच कुळातलं फुलपाखरू, फिलिपिन्समधे असतो. न्यायाधीशांचं बेंच पूर्ण आहे म्हटल्यावर काका खूश झाले आणि तेराव्या पाटीचं विसरले.

१४ सप्टेंबर

गणपती झाले, मंडपाचे खड्डे बुजवून माळीकाकांनी काल पाट्या रोवल्या. मुलं वाचतात का? हेक्टरपाशी थांबतात, कारण तो लाल आहे. एका छोटीने पॉलिम्नेस्टरचं काय झालं पुढे असं विचारलं, मी म्हटलं आईला विचार.

आज सकाळी कढीपत्त्यावर एक लाल ठिपक्यांचं काळं फुलपाखरू घिरट्या घालत होतं. मी हेक्टर हेक्टर म्हणून ओरडले. भाच्याला व्हिडिओ पाठवला, दोन मिनिटांत उत्तर, "अंग काळं आहे मावशी, लाल नाही. आणि हेक्टर कढीपत्त्यावर कशाला येईल." पॉलिटेसची मादी. तीन महिने तिच्यावर वाचून मी फसले, पक्ष्यांना काय दोष द्यायचा. तिने कोवळ्या पानांवर तीन अंडी घातली.

दुसऱ्या मजल्यावरच्या आजींची तक्रार आली की पाटीमुळे फोडणीला पानं तोडायला हात पोचत नाही. पाटी दीड फूट डावीकडे सरकवली, आणि अंड्यांच्या फांदीला लाल दोरा बांधून ठेवलाय, ती सोडून बाकीची तोडा म्हणून.